शेठच्या टीव्हीवरची विहीर

या कट्ट्यावरची जुनी मंडळी मला ओळखतात ती माझ्या टोमण्यांमुळे. कुणी लिहिलं की पंखा आपोआप फिरला, तर खाली माझी कमेंट असणारच — रेग्युलेटर बदला. कुणाच्या बंद खोलीत गाणं वाजलं, तर मी विचारणार, शेजारी कोण राहतं. माझा धंदाच तसा आहे. चौक गावात जुन्या हायवेवर माझं दुकान आहे. सीसीटीव्ही, वायफाय, स्मार्ट टीव्ही बसवून देतो. नेरळपासून खालापूरपर्यंत बऱ्याच फार्महाऊसच्या भिंतींना माझ्या ड्रिलची भोकं आहेत. वस्तू बिघडते, सिग्नल जातो, माणूस घाबरतो... आणि मग अमानवीय वगैरे. असं माझं मत होतं, आणि बाकीच्या सगळ्या अनुभवांबद्दल अजूनही तेच आहे.

हा एकच असा, की त्यावर मला स्वतःला टोमणा सुचत नाही. आणि खरं सांगू का, मी घाबरून हे लिहीत नाहीये. मला राग आहे. तो अजून उतरलेला नाही आणि उतरावा असंही मला वाटत नाही. माणसांची नावं बदलली आहेत, एवढं लक्षात ठेवा.

माझा मामा, दत्तूमामा, पोशीरचा. घरची थोडी भातशेती, आणि वर्षभर गावाबाहेरच्या एका फार्महाऊसवर राखणदारी. मालक पुण्याचे. गावात सगळे त्यांना शेठ म्हणतात, मीही तेच म्हणतो. शेठ, त्यांच्या मिसेस — त्यांना मॅडम म्हणायचं — आणि कॉलेजात जाणारा मुलगा रोहन, हे शनिवार-रविवार यायचे. बाकीचे दिवस घर, बाग, कुत्रा, विहीर, सगळं मामाच्या भरवशावर. आणि मामा असा, की शेठच्या झाडाखाली पडलेला आंबासुद्धा विचारल्याशिवाय घरी न्यायचा नाही. मामी त्याला त्यावरून चिडवायची.

शेठना हॉलमध्ये मोठा टीव्ही लावायचा होता तेव्हा मामानंच माझं नाव सांगितलं. "चौकचा पोरगा हाय, काम नीट करतो," एवढंच. भाचा आहे हे सांगितलं नाही. मी नंतर टोकलं तर म्हणाला, "आपलाच मानूस घुसवला असं शेठना वाटाया नको रं." आणि शेठनी आमचं नातं कधी विचारलं नाही. कामवाल्या माणसांना नातेवाईक असतात हे अशा लोकांच्या लक्षातच येत नाही.

टीव्ही बसवला त्या दिवशी स्क्रीन मिररिंग मीच दाखवून दिलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. लॅपटॉपवर जे दिसतं ते जसंच्या तसं टीव्हीवर आणता येतं, वायर लागत नाही. लॅपटॉपमध्ये टीव्हीचं नाव निवडायचं. पहिल्यांदा टीव्ही विचारतो, जोडू का? 'नेहमी जोडा' म्हटलं की पुन्हा विचारत नाही. पण दोन्ही वस्तू जवळ लागतात. एका हॉलएवढं अंतर धरा, मधे जाड भिंत आली की चित्र अडखळतं. रोहननं आपला लॅपटॉप जोडला, 'नेहमी'वर क्लिक केलं आणि गाडी पळवायचा कुठलातरी गेम लावून हॉल दणाणून सोडला. त्याच्या लॅपटॉपचं नाव होतं 'रोहन किंग'. टीव्हीच्या कोपऱ्यात ते नाव यायचं. मामा मागे हात बांधून कौतुकानं बघत होता.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तो लॅपटॉप हरवला. रोहन मित्रांना घेऊन फार्महाऊसवर आला होता, आई-बाप नव्हते. पुण्याला गेल्यावर म्हणाला, लॅपटॉप तिथेच राहिला. शेठ आले, शोधला, सापडला नाही. मग त्यांनी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं. त्यात मामा भरदुपारी मागच्या दारानं एक जड पिशवी घेऊन बाहेर जाताना दिसत होता.

शेठनी काय करावं? मामाला बाजूला घेऊन विचारावं की नाही? नाही. त्यांनी रविवारी सकाळी गावातली माणसं बोलावली. पोलीस पाटील, आजूबाजूचे दोन-तीन फार्महाऊसवाले, मामाच्या भजनातले लोक. सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. मामीला आत चहा टाकायला सांगितला. आणि स्वतःचा लॅपटॉप टीव्हीला जोडून ते रेकॉर्डिंग त्या भल्यामोठ्या पडद्यावर लावलं. पिशवी आली तिथे थांबवलं, मोठं करून दाखवलं, पुन्हा मागे घेतलं, पुन्हा दाखवलं. मी त्या दिवशी खालापूरला कचेरीसमोरच्या एका दुकानात कॅमेरे लावत होतो. हे सगळं मला मामीनं सांगितलं. ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

मामा म्हणाला, "शेठ, पडदे हायत त्यात. मॅडमनी धुवायला दिलेले."

मॅडम म्हणाल्या, "मला तर आठवत नाही."

रोहन सोफ्यावर मोबाइल बघत बसला होता. शेठ म्हणाले, "पोलिसात देत नाही, हे उपकार समज." मामानं किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि चहा न पिता घरी आला.

पुढच्या गुरुवारी तो नेहमीसारखा भजनाला गेला. पखवाज वाजवायचा तो. कुणीतरी गमतीत म्हणालं, "दत्तू आला, मोबाइल खिशात घाला रं." गंमतच होती. मामा हसला, पखवाज खाली ठेवला, आणि परत कधी भजनाला गेला नाही. मग दुकानात जायचा बंद झाला. मग ओटीवर बसायचा बंद झाला. आषाढात आवणी, म्हणजे भाताची लावणी चालू असताना चिखलात पडला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले हार्ट अ‍ॅटॅक. मी म्हणतो, मामाला त्या टीव्हीनं मारलं. शेठ मातीला आले नाहीत. माणूसही पाठवला नाही.

तेराव्यानंतर मामी मला म्हणाली, "मला गावदेवीला ने." आमच्याकडे एक रीत आहे. ज्याच्यावर अन्याय झाला आणि ज्याला कुणी दाद देत नाही, तो देवीपुढे न फोडलेला नारळ ठेवतो आणि गाऱ्हाणं घालतो. तो नारळ ज्यानं ठेवला त्यानंच उचलायचा. तोवर गुरवसुद्धा हात लावत नाही, झाडताना त्याच्या भोवतीनं झाडतो. मी बाइकवरून मामीला नेलं आणि वाटेत तिच्याशी वाद घातला. म्हटलं, वकील बघू, शेठला नोटीस पाठवू, नारळानं काय होणार आहे.

मामी म्हणाली, "तुझं वकील-बिकील तू कर. माझं मी करते."

तिनं नारळ ठेवला, त्याला कुंकू लावलं आणि देवीशी बोलली. रडली नाही. शेजारणीशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "आये, त्यांनी सगल्या गावाला दाखवलं. आता तू त्यांना दाखव. डोले मिटले तरी दिसू दे." बस, एवढंच. मी बाहेर चपलांपाशी उभा होतो. मला मामीची कीव आली, आणि जरा लाजही वाटली.

दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शेठचा फोन आला. टीव्ही हॅक झालाय, ताबडतोब ये. जाणारच नव्हतो. पण म्हटलं, एकदा त्या घरात जाऊन त्यांची तोंडं तरी बघू. टूलबॉक्स उचलला आणि गेलो.

हॉलमध्ये तिघंही होते. टीव्हीवर एका लॅपटॉपची लॉक स्क्रीन होती. गॉगल लावलेल्या रोहनचा फोटो, खाली पासवर्डची चौकट. आणि कोपऱ्यात नाव — रोहन किंग.

मंडळी, मला आधी भीती वाटली नाही. मला आनंद झाला. डोक्यात एकच आलं... लॅपटॉप इथेच आहे. टीव्हीला जोडला गेलाय म्हणजे जवळपासच आहे. मामानं नेलेला नाही.

मग मी नीट बघितलं. पासवर्डच्या चौकटीत एक ठिपका उमटला. बराच वेळ काही नाही. मग दुसरा ठिपका. कुणीतरी एका बोटानं, बटण शोधत शोधत टाइप करावं तसं. चार-पाच ठिपके झाले की 'पासवर्ड चुकीचा', आणि पुन्हा पहिल्यापासून. मॅडम म्हणाल्या, सकाळपासून हेच चाललंय. मामाला मी एकदा मोबाइलवर मेसेज लिहायला शिकवलं होतं, तेव्हा तो अगदी असाच टाइप करायचा.

मी माझं काम केलं. राउटर बंद केला, चित्र तसंच. मिररिंगला राउटर लागतोच असं नाही, म्हणून त्याचं नवल नाही. टीव्हीच्या मेमरीतून तो लॅपटॉप काढून टाकला, टीव्ही रिसेट केला. चालू केल्याबरोबर काही न विचारता पुन्हा जोडला गेला. शेवटी मोबाइलवर सिग्नल मोजायचं अ‍ॅप उघडलं. जो लॅपटॉप जवळ असेल त्याचा सिग्नल त्यात दिसतो, जवळ जाल तसा वाढतो. हॉलमध्ये कमी. स्वयंपाकघरात थोडा जास्त. मागच्या दारातून बाहेर, चिकूच्या झाडांपलीकडे... आणि विहिरीच्या कठड्यापाशी पूर्ण. विहिरीवर लोखंडी जाळी आहे, एका कोपऱ्यात बादली सोडण्यापुरतं झाकण. पावसाळा नुकताच संपलेला, पाणी हाताला लागेल इतकं वर होतं. आणि धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, हे सिग्नल पाण्यातून वर येतच नाहीत. हातभर पाणीसुद्धा पुरतं.

आत येऊन म्हटलं, "शेठ, लॅपटॉप विहिरीत आहे."

शेठ हसले. "विहिरीतून वायफाय? तुला तुझं काम येत नाही असं सरळ सांग ना." मी रोहनकडे बघितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो म्हणाला, "पपा, आपण पुण्याला जाऊ या ना." मला जे कळायचं ते तिथेच कळलं. पण पुरावा काय? ॲपवरच्या चार रेघा. मी टूलबॉक्स उचलून निघालो आणि वाटेत नेरळच्या पुढे बाइक बाजूला लावून मनसोक्त शिव्या दिल्या.

शेठनी टीव्हीचं बटण बंद करून ठेवलं. माझ्याकडे काही महिने काही कळलं नाही. शिमगा झाल्यावर एका रविवारी दुपारी पुन्हा फोन. या वेळी आवाज चढलेला. घरी पाहुणे होते, धंद्यातली मोठी माणसं, सगळ्यांसमोर टीव्ही आपोआप लागला होता. आणि मधल्या काळात शेठना कुठूनतरी माझं नातं कळलं होतं. "दत्तूचा भाचा ना तू? हे तूच करतोयस. पोलिसांना घेऊन येऊ तुझ्या दुकानावर?"

म्हणजे आता मीही चोर. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अर्ध्या जेवणावरून उठलो, दुकानातल्या दोन कामगारांना साक्षीला घेतलं आणि पोशीर गाठलं. हॉलमध्ये शिरलो, माझा मोबाइल, लॅपटॉप, टूलबॉक्स, सगळं टीपॉयवर ओतलं आणि सगळं बंद करून दाखवलं. पाहुण्यांमधले एक पिकल्या केसांचे गृहस्थ म्हणाले, "अहो, पण त्यांच्याकडे बघण्यापेक्षा तिकडे बघा." तेव्हा मी टीव्हीकडे पाहिलं.

लॉक स्क्रीन गेली होती. पासवर्ड जमला होता म्हणायचा. पडद्यावर लॅपटॉपचा कॅमेरा चालू होता. चौफेर काळपट हिरवं, आणि मधोमध उजेडाचं एक वर्तुळ. वर्तुळावर चौकोनी रेघा. ते हलकं हलकं डुलत होतं. पाहुण्यांना काही कळेना. मी मात्र त्या रेघा ओळखल्या, कारण एका कोपऱ्यात चौकोन मोठा होता. ते झाकण होतं. आम्ही विहिरीच्या तळातून वर बघत होतो.

मी म्हटलं, "शेठ, एक काम करा. जाऊन विहिरीत वाकून बघा."

का कोण जाणे, ते गेले. आम्ही सगळे टीव्हीसमोर उभे. थोड्या वेळानं वर्तुळाच्या कडेला काहीतरी काळं आलं. डोकं. चष्मा. शेठ वाकून आत बघत होते आणि हॉलमधल्या पडद्यावर त्यांचं तोंड वरून आमच्याकडे बघत होतं. मॅडम किंचाळल्या. मी त्या तोंडाकडे बघतच राहिलो. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर पाहुण्यांनीच पाणी काढायला लावलं. गावातून पंप आणला, संध्याकाळपर्यंत विहीर उपसली. गाळात एक लॅपटॉपची बॅग रुतलेली होती. चेन बंद. आत एक पेव्हर ब्लॉक आणि लॅपटॉप. लॅपटॉप मिटलेला, बॅटरी फुगून पाठ उसवलेली, बिजागऱ्या गंजून एकजीव झालेल्या. मी स्क्रू ड्रायव्हरनं उघडायला गेलो तर झाकण तुटूनच हातात आलं. कॅमेऱ्याच्या भोकात गाळ भरला होता. मिटलेला लॅपटॉप, बंद बॅगेत, गाळाखाली. आणि हॉलमध्ये टीव्हीवर ते वर्तुळ अजून दिसत होतं.

रोहन तिथेच कठड्याला टेकून खाली बसला आणि बोलला. मित्रांबरोबर पार्टीत लॅपटॉपवर बिअर सांडली, तो बंद पडला. बाप ओरडेल म्हणून कॅमेरा चुकवून पुढच्या दारानं नेला आणि विहिरीत टाकला. हरवला म्हणून सांगणार होता, कुणाचं नाव घेणार नव्हता. नाव बापानं घेतलं. "मी काहीच बोललो नाही, काका," असं तो मला म्हणाला. हो ना, काहीच बोलला नाहीस. माझा मामा तुझ्यासमोर पडदे-पडदे करत होता आणि तू मूग गिळून बसलास. आणि एक गोष्ट लक्षात घ्या — विहिरीत टाकला तेव्हाच तो लॅपटॉप बंद पडलेला होता.

एवढ्यावर संपलं असतं तर मी म्हटलं असतं, देवी असो की आणखी काही, खरं बाहेर आलं, मिटलं. पण संपलं नाही. तो लॅपटॉप शेठनी भंगारात देऊन डोळ्यांदेखत फोडून घेतला. तरी पुण्याच्या घरी टीव्हीवर ते वर्तुळ आलं. टीव्ही बदलला, नव्यावर आलं. रोहन त्याच्या मामाकडे राहायला गेला, तिथल्या टीव्हीवर आलं. ऑफिसात मिटिंग चालू असताना भिंतीवरच्या स्क्रीनवर आलं. हे मला शेठचा ड्रायव्हर सांगायचा. तो येता-जाता चौकला चहाला थांबतो.

वैशाखात शेठ मामीच्या घरी आले. गुरवाकडून त्यांना नारळाचं कळलं होतं. मामीनं मला बोलावून घेतलं होतं. शेठ ओटीवर अंग चोरून बसले. म्हणाले, "वहिनी, चूक झाली आमची. तुम्ही म्हणाल ते करतो. पोरगा जेवत नाही, डोळे मिटले तरी त्याला ते पाणी दिसतं म्हणतो. तेवढा नारळ उचला."

माझ्या अंगावर काटा आला, कारण गाऱ्हाण्यातले शब्द मामी आणि मी सोडून कुणाला माहीत नव्हते, गुरवानं फक्त नारळ बघितला होता. मामी तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"चोर म्हनालात तवा किती मानसं व्हती?"

शेठनी चष्मा काढून पुसला.

"तेवडी बोलवा. त्याच हॉलात. टीवी लावा. आन् तुमच्या तोंडानं सांगा."

शेठनी बोलावलं. माणसं होती त्याहून जास्त आली, हॉल आणि अंगण भरलं. टीव्ही लावला, त्यावर साधी नेहमीची स्क्रीन होती. शेठ त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, दत्तू चोर नव्हता, लॅपटॉप माझ्या मुलानं विहिरीत टाकला, मी खात्री न करता सगळ्यांसमोर त्याचा अपमान केला. मॅडम म्हणाल्या, पडदे मीच दिले होते. रोहन हात जोडून उभा होता, खांद्याची हाडं वर आलेली. मोबाइल खिशात घाला म्हणणारा तो भजनातला माणूस मागच्या मागे निघून गेला. मी रडलो. मामाचं नाव त्या घरात स्वच्छ झालेलं मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि मला वाटलं, झालं, आता मामी नारळ उचलेल.

शेठनी गाडी काढायला सांगितली. "चला वहिनी, देवळात जाऊ."

मामी म्हणाली, "नाय."

"अहो, पण तुम्ही म्हणालात तसं सगळं..."

"नाव परत दिलंत. ते तुमी घेतलेलं, तुमी दिलंत. बरं झालं." तिनं पदर सारखा केला. "आता माझा मानूस आनून द्या. नारल आत्ताच्या आत्ता उचलते."

आणि ती पायऱ्या उतरून चालायला लागली. कुणी तिला अडवलं नाही. शेठनी माझ्याकडे बघितलं, तू तरी समजाव अशा नजरेनं. मी बाइकची किल्ली काढली आणि मामीच्या मागे गेलो.

आता तुमच्यातले काही लिहितील की झालं गेलं विसरा, पोरगं लहान आहे, त्याचा काय दोष. लिहा. मी वाचेन. मामीला मी एकदाही नारळ उचल म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही. ड्रायव्हर सांगतो की ते वर्तुळ आता आधीपेक्षा लहान दिसतं, म्हणजे बघणारा आणखी खोल चाललाय असं. घरातले सगळे टीव्ही काढलेत. रोहन आता मोबाइलही उलटा ठेवतो. मी सगळं तपासलंय, ओळखीच्या इंजिनीयरांना विचारलंय. फुटलेल्या लॅपटॉपला सिग्नल नसतो, गाळातल्या कॅमेऱ्याला आकाश दिसत नाही. यापुढे मला काही कळत नाही. देवीवर माझा विश्वास बसलाय का, तेही मला नक्की सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात शेठचा माणूस देवळाभोवती घुटमळताना गुरवाला दिसला. हात न लावता नारळ कसा हलवता येईल, असं काहीतरी विचारत होता. दुसऱ्याच दिवशी मी पोशीरला गेलो आणि देवळात गाभाऱ्याच्या दाराच्या वर एक कॅमेरा बसवला. गावाकडून एक पैसा घेतला नाही. त्याचं चित्र माझ्या दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर दिवसभर चालू असतं. गिऱ्हाईक विचारतं, हे काय लावलंय, नुसता नारळच तर दिसतोय. मी म्हणतो, हो, तेवढंच बघायचं असतं.